एका तारखेने थांबवलेल्या खाणी : गोवा फाउंडेशनची न्यायालयीन लढाई

१.
गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील लोहखनिजाच्या खाणी एकविसाव्या शतकात दोन वेळा बंद पडल्या. पहिल्यांदा २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये. या बंदीविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले. परंतु खटल्याचा निकाल ज्या प्रश्नावर लागला तो मूलतः इतिहासाचा प्रश्न होता. पोर्तुगीज राजवटीत दिलेला खाणीचा हक्क कायद्याच्या दृष्टीने नेमका कोणत्या दिवशी संपला? म्हापशातील एका लहान संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा नेला, हे या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२.
प्रारंभ १९०६ पासून करावा लागतो. त्या वर्षी लिस्बनमधील सरकारने आपल्या वसाहतींसाठी खाणविषयक हुकूमनामा काढला. त्यानुसार खनिज शोधणाऱ्याला जो हक्क मिळे त्याला ‘कन्सेशन’ म्हणत. आजच्या भाडेपट्ट्याप्रमाणे त्याला ठराविक वर्षांची मुदत नव्हती. ठरलेले कर भरावेत, अटी पाळाव्यात. तेवढ्यावर हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालू राही. डोंगर सरकारचा की कन्सेशनधारकाचा, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारीत नव्हते, कारण खनिजाला गिऱ्हाईकच बेताचे होते.

३.
हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पालटले. जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे होते. त्याच सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि पोर्तुगीज प्रशासनाला उत्पन्नाचे नवे साधन शोधावे लागले. ते डोंगरांच्या पोटात सापडले. १९५० च्या दशकात शेकडो कन्सेशन दिली गेली. खनिज होड्या-बार्जमधून मांडवी आणि जुवारी या नद्यांवाटे मुरगाव बंदराला जाऊ लागले. गोव्यातील अनेक नामांकित उद्योगघराण्यांचा उत्कर्ष याच काळातला आहे.

४.
१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. राजवट बदलली, पण कन्सेशनचे काय? भारताचा खाण व खनिज कायदा १९५७ चा. तो १९६३ मध्ये गोव्याला लागू झाला. त्याच्या दृष्टीने खनिज काढण्याचा हक्क म्हणजे मुदतीचा पट्टा. मुदत संपली की नूतनीकरण, आणि तेही मर्यादित वर्षांचे. कायमचे कन्सेशन या चौकटीत बसत नव्हते. १९७५ मध्ये केंद्राच्या अधिकाऱ्याने आदेश काढून जुनी कन्सेशन म्हणजे पट्टेच होत, असे जाहीर केले. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. तात्पर्य, मुक्तीनंतर दोन दशके उलटली तरी या डोंगरांवर व्यवहारात लिस्बनचाच कायदा चालू होता.

५.
अखेर संसदेने स्वतंत्र कायदा केला. गोवा, दमण व दीव खाण-कन्सेशन रद्द करून त्यांना खाणपट्टे ठरवणाऱ्या या कायद्यावर २३ मे १९८७ रोजी राष्ट्रपतींची संमती उमटली. बरोबर एका आठवड्यानंतर, ३० मे रोजी, गोवा घटक राज्य झाले. कायद्याने दोन गोष्टी केल्या. पहिली : २० डिसेंबर १९६१ पासूनच सर्व कन्सेशन रद्द मानली आणि त्यांचे रूपांतर पट्ट्यांत झाल्याचे मानले. दुसरी : या मानीव पट्ट्यांना संमतीच्या दिवसापासून सहा महिने चालू राहण्याची मुभा दिली. सहा महिने म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत. ही तारीख लक्षात ठेवा. पुढची सारी लढाई तिच्याभोवती फिरते.

६.
आता थोडे मागे जाऊन दुसरा प्रवाह पाहू. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. १९८० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने जनहित याचिकेचे दार उघडले. ज्याचे स्वतःचे नुकसान झालेले नाही तोही लोकांच्या वतीने दाद मागू शकेल, हे तत्त्व रुजले. १९८५ मध्ये डेहराडून खोऱ्यातील चुनखडीच्या खाणी न्यायालयाने अशाच याचिकेवरून बंद केल्या. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. मुंबई उच्च न्यायालयाचे पणजी खंडपीठ १९८२ पासूनच काम करीत होते. साधने तयार होती. ती हाती घेणारे कोणी हवे होते.

७.
१९८६ मध्ये म्हापशात ‘गोवा फाउंडेशन’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी क्लॉड अल्वारिस हे मूळचे अभ्यासक. भारत, चीन आणि पाश्चात्त्य जगातील तंत्रज्ञानाचा तुलनात्मक इतिहास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. नॉर्मा अल्वारिस या वकील. संस्थेच्या अनेक याचिका त्यांनी उच्च न्यायालयात चालवल्या. पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोर्चा, उपोषण, निवेदन ही आंदोलनाची परिचित साधने गोव्यात होतीच. या संस्थेने त्यांच्या जोडीला एक निराळे साधन पद्धतशीरपणे वापरले : सरकारचाच कायदा, सरकारच्याच फाइली आणि न्यायालय.

८.
सुरुवातीच्या याचिकांपैकी एक होती समुद्रकिनाऱ्यावरील वाळूच्या उपशाविरुद्ध. बांधकामासाठी किनाऱ्यांवरून ट्रक भरून वाळू जात होती. वाळूची टेकाडे म्हणजे निरुपयोगी माळ, असा समज तेव्हा सर्वत्र होता. वास्तविक वादळाची लाट अडवणे, मागच्या विहिरींचे पाणी गोडे राखणे आणि किनारा झिजला की त्याला पुन्हा वाळू पुरवणे ही कामे ही टेकाडे करतात. न्यायालयाला हे पटवण्यासाठी शास्त्र आणि कायदा दोन्ही मांडावे लागत. १९९१ मध्ये केंद्राने किनारपट्टी नियमन अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून किती मीटरपर्यंत काय बांधता येईल, हे लेखी झाले. मोजपट्टी हाती आल्यावर किनाऱ्यावरील बांधकामांविरुद्धच्या याचिका वाढल्या.

९.
या कहाणीत पराभवही आहेत आणि ते वगळून इतिहास लिहिता येत नाही. सर्वांत ठळक पराभव कोकण रेल्वेचा. गोव्यातील मार्ग ठिकठिकाणी खाजन जमिनींतून जाणार होता. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून आणि मानशी बसवून भरतीचे खारे पाणी रोखलेली शेती. शतकानुशतकांच्या सामूहिक श्रमाचे फळ. रेल्वेच्या भरावाने तिचा निचरा बिघडेल, म्हणून पर्यावरणीय परवानगीशिवाय काम होऊ नये, अशी याचिका संस्थेने केली. १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. रेल्वे कायद्याने मिळालेला बांधकामाचा अधिकार वरचढ ठरला. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील असंख्य कुटुंबांचे या रेल्वेकडे डोळे लागले होते, हेही तितकेच खरे.

१०.
दुसरा पराभव काणकोणातील. नागर्से येथील समुद्रकाठच्या हॉटेल प्रकल्पाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २००० मध्ये संस्था हरली. या दोन निकालांतून एक धडा स्पष्ट दिसतो. ‘निसर्गाची हानी होईल’ असे नुसते म्हटल्याने न्यायालय प्रकल्प थांबवीत नाही. विकास की पर्यावरण, असा तराजू समोर आला की पारडे बहुधा विकासाकडे झुकते. मात्र अमुक कलमाचा भंग झाला आहे, अमुक परवानगी घेतलेली नाही, अमुक मुदत उलटून गेली आहे, असे कागदाने सिद्ध केले तर न्यायालयाला त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

११.
म्हणूनच या संस्थेचे खरे काम न्यायालयाबाहेर, कागदपत्रांच्या संग्रहात झाले. १९९३ मध्ये तिने ‘फिश करी अँड राइस’ हा गोव्याच्या पर्यावरणाचा नागरिकांनी तयार केलेला अहवाल प्रसिद्ध केला. नद्या, खाजन, जंगले, मासेमारी, पर्यटन आणि खाणी यांची माहिती त्यात एकत्र आली. सरकारी दप्तरात विखुरलेली माहिती गोळा करणे, तिचा कालानुक्रम लावणे, दोन कागदांतील विसंगती पकडणे या कामांना इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे नाव देण्याची गरज नाही. हेच तर आपले काम.

१२.
इकडे एकविसावे शतक उजाडले आणि चीनची पोलादाची भूक प्रचंड वाढली. पूर्वी टाकाऊ समजले जाणारे हलक्या प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१० च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज निर्यात होत होते. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. उघड्या खाणीत एक टन खनिजासाठी दोन ते तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावे लागतात. पाच कोटी टनांना या प्रमाणाने गुणून पाहा, म्हणजे डंप नावाचे नवे डोंगर कोठून आले ते कळेल.

१३.
याचा अर्थ गावात काय होता? खाण भूजलपातळीच्या खाली गेली की आत साचणारे पाणी सतत उपसावे लागते. त्यासरशी आसपासच्या विहिरी आणि झरे आटतात. पावसाळ्यात डंपांवरची लाल माती ओढ्यांतून भातशेतीत उतरते आणि खाचरावर थर बसतो. उन्हाळ्यात ट्रकांच्या रांगांची धूळ घरात, अन्नात आणि फुप्फुसांत जाते. त्याच वेळी त्याच गावांतील तरुणांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. कोणी बार्जवर कामाला होता, कोणाचे गॅरेज, कोणाची खानावळ होती. एकाच घरात आटलेली विहीर आणि ट्रकचा हप्ता दोन्ही नांदत होते. हा संघर्ष ‘लोक विरुद्ध कंपन्या’ इतका सोपा कधीच नव्हता.

१४.
२०१० मध्ये केंद्राने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोग नेमला. त्याचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. बेकायदा खाणकामाने झालेल्या नुकसानीचा त्यातील अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा होता. राज्य सरकारने लगेच खाणकाम स्थगित केले. केंद्राने पर्यावरणीय दाखले तहकूब केले. गोवा फाउंडेशनने थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने खाणकाम आणि खनिजाची वाहतूक दोन्ही थांबवली.

१५.
आता तारखेकडे परत येऊ. संस्थेचा युक्तिवाद असा होता की हे पट्टे केव्हाच संपले आहेत. खाणमालकांचे म्हणणे असे की आम्ही दुसऱ्या नूतनीकरणासाठी मुदतीत अर्ज केले आहेत. सरकार त्यांवर निर्णय घेत नाही तोवर पट्टा चालू आहे असेच मानावे. वरवर पाहता हा तांत्रिक वाद आहे. परंतु त्यातील प्रश्न विलक्षण आहे. सरकारने अर्जावर काहीच केले नाही, तर सार्वजनिक मालकीचे खनिज खणण्याचा हक्क आपोआप वाढत जातो काय? ‘होय’ म्हटले तर १९०६ चे मुदत नसलेले कन्सेशन मागच्या दाराने परत येते.

१६.
२१ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती पटनायक, निज्जर आणि कलिफुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला. मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपले. त्यानंतर मिळू शकणारी नूतनीकरणाची कमाल मुदत वीस वर्षे. ती २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. दुसरे नूतनीकरण आपोआप होत नाही. ते खनिज विकासाच्या हिताचे का आहे, याची कारणे सरकारला लेखी नोंदवावी लागतात. तशी नोंद नव्हती. सबब २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सर्व खाणकाम बेकायदा ठरले. चीनच्या तेजीची बहुतेक वर्षे याच कालखंडातली, हे ध्यानात घ्यावे.

१७.
त्याच निकालात आणखी काही महत्त्वाच्या गोष्टी होत्या. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणपट्टे देऊ नयेत. पट्ट्याबाहेर डंप टाकू नयेत. अंतिम अभ्यास होईपर्यंत वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक खनिज काढू नये. आणि विकलेल्या खनिजाच्या किमतीतील दहा टक्के रक्कम ‘गोवा लोहखनिज कायम निधी’त जमा व्हावी. यामागचा विचार असा की खनिज एकदाच निघते, म्हणून त्याच्या मूल्यात पुढच्या पिढ्यांचाही वाटा राहिला पाहिजे. वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा एकाच पिढीने उडवू नये, ही आपल्या घरांतील जुनी समजूत यानिमित्ताने न्यायालयाच्या आदेशात आली.

१८.
पण प्रकरण येथे संपले नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. आधी मुद्रांक शुल्क स्वीकारलेले असल्याने उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हे करावे लागले, अशी सरकारची बाजू होती. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि यापुढे खाणपट्टे लिलावानेच मिळतील असे ठरले. यांपैकी काही नूतनीकरणांवर तर त्याच दिवशीची, १२ जानेवारीची तारीख होती. गोवा फाउंडेशन पुन्हा न्यायालयात गेली.

१९.
७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी ही सर्व ८८ नूतनीकरणे रद्द केली. २०१४ च्या निकालानंतर सरकारला जुन्या पट्ट्यांना मुदतवाढ देता येत नव्हती. नव्याने पट्टे आणि नव्याने पर्यावरणीय दाखले देणे आवश्यक होते. १५ मार्च २०१८ पर्यंतची सवलत देऊन खाणकाम पुन्हा थांबवण्यात आले. त्यावर कंपन्यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद पुढे आला : पट्ट्यांची मोजणी १९६१ पासून न करता १९८७ पासून करावी आणि सुधारित कायद्याची पन्नास वर्षांची मुदत लावावी, म्हणजे ते २०३७ पर्यंत चालतील. या मागणीला यश आले नाही. २०२२ च्या अखेरीस खाणींचे लिलाव सुरू झाले. कन्सेशनचा काळ खऱ्या अर्थाने तेव्हा संपला, असे म्हणता येईल.

२०.
या विजयाची किंमत कोणी मोजली? ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नदीकाठी गंजू लागल्या, बँकांचे हप्ते थकले. खाण-अवलंबितांनी पणजीत आणि दिल्लीत मोर्चे काढले. संस्थेला ‘गोव्याच्या पोटावर पाय देणारी’ म्हटले गेले. या संतापाला आधार होता, हे नाकारून चालणार नाही. तथापि दोष कोणाचा, हे ठरवताना कालानुक्रम तपासावा. २००७ मध्येच पट्ट्यांचा निर्णय कायद्यानुसार झाला असता, तर मुदत संपलेल्या हक्काच्या भरवशावर एवढ्या कुटुंबांनी कर्जे काढली नसती. कायदा मोडणाऱ्या व्यवहारावर उभा राहिलेला रोजगार मुळातच अस्थिर असतो, आणि तो कोसळतो तेव्हा सर्वांत खालचा माणूस आधी चिरडला जातो.

२१.
खाणींखेरीज जंगलांच्या बाबतीतही हीच पद्धत दिसते. मोले परिसरातील भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण होणार होते. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली, कारण दुपदरीकरणाची गरजच पुरेशी सिद्ध झालेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात चार वाघ मृतावस्थेत सापडले. त्यानंतरच्या याचिकेवर २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय प्राधिकरणाने शिफारस केल्यास राज्याने अधिसूचना ‘काढावी’ असे कायदा म्हणतो. ते राज्याच्या मर्जीवर नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. राज्य सरकारने या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

२२.
या साधनाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. न्यायालयाचा निकाल नेहमी उशिरा येतो. पट्टे २००७ मध्ये संपले हे २०१४ मध्ये ठरले. मधल्या काळात निघालेले खनिज जहाजांतून कधीच निघून गेले होते. निकाल गेलेला डोंगर परत आणीत नाही, आटलेला झरा वाहता करीत नाही. शिवाय आदेशाची अंमलबजावणी शेवटी त्याच शासनयंत्रणेकडे असते, जिच्या निष्क्रियतेमुळे खटला उभा राहिला. ८८ नूतनीकरणांचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण आहे.

२३.
तरीही या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. १९६१ मध्ये गोव्याची भूमी मुक्त झाली. परंतु त्या भूमीच्या पोटातील संपत्तीवरचा वसाहतकालीन हक्क वेगवेगळ्या रूपांत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहिला. तो संपवण्याच्या कामी एक हुकूमनामा, एक कायदा, सहा महिन्यांची एक मुदत आणि वीस वर्षांची एक मर्यादा यांचा हिशेब उपयोगी पडला. राजवट एका दिवसात बदलते. तिने दिलेले हक्क मात्र कोणीतरी जुने कागद काढून, तारीख दाखवून संपवावे लागतात.

२४.
आपल्या तालुक्यातील दगडखाण, नदीतील वाळूचा ठेका, गायरानाचा पट्टा यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? किल्ल्यांच्या सनदा आणि वाड्यांचे महजर आपण हौसेने वाचतो. तहसील कचेरीतील पट्ट्याचा कागदही त्याच परंपरेतला दस्तऐवज आहे, आणि त्याचा निकाल अजून लागायचा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करून तो मागता येतो. मोडी शिकण्याइतके ते अवघड नाही.

धागा समाप्त.